दोन सायलेन्सर आणि एक सेन्सर

शेवरलेच्या १९९० च्या आसपासच्या सी-१५०० पिकअपखाली पाठीवर झोपून वर पाहिलं, तर धुराचा सगळा रस्ता एका नजरेत दिसतो. इंजिन व्ही आकाराचं, ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं. चार डावीकडे, चार उजवीकडे. दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाचा एकेक मॅनिफोल्ड आणि त्यातून खाली उतरणारा एकेक पाइप. पुढे हे दोन पाइप इंग्रजी वायच्या आकारात एकत्र येतात. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग सायलेन्सर आणि मागच्या चाकाशेजारून बाहेर पडणारी एकच नळी. डाव्या मॅनिफोल्डमध्ये स्पार्क प्लगसारखं काहीतरी बसवलेलं असतं आणि त्यातून एकच वायर वर गेलेली असते. तो ऑक्सिजन सेन्सर. सगळ्या गाडीत एकच.

अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांची एक जुनी हौस आहे. मधली वाय कापून टाकायची आणि डाव्या सिलिंडरांचा धूर डावीकडून, उजव्यांचा उजवीकडून, दोन स्वतंत्र सायलेन्सरांतून काढायचा. कारण विचारलं तर ताकद वाढते म्हणून सांगतात. इंजिनात दुसरं काहीच बदललं नसेल, तर नुसत्या जास्तीच्या नळीने वाढणारी ताकद चालवताना जाणवेल इतकी क्वचितच असते. आवाज मात्र पहिल्याच स्टार्टरला बदलतो. हौस आवाजाची असेल तर तसं सरळ म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कटर हातात घेण्याआधी त्या एका वायरीच्या सेन्सरचं काय करायचं हे ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच शेवटी ठरवलं जातं.

हा सेन्सर गाड्यांत आला तो कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण नियमांमुळे. बॉशने बनवलेला ‘लांब्डा’ सेन्सर व्होल्वोने १९७६ मध्ये, १९७७ सालच्या मॉडेलमध्ये, तिथल्या बाजारासाठी बसवला. त्याच सुमाराला नव्या प्रकारचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला होता. न जळलेलं पेट्रोल, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा तो एकदम समाचार घेई. पण त्याची एक अट होती. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळलं तरच तो नीट काम करणार. कार्बोरेटरला इतकी काटेकोर शिस्त लावणं अवघड. म्हणून धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते पाहून लगेच सांगणारा कुणीतरी हवा होता.

सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियम ऑक्साइडची टोपणासारखी छोटी पोकळ नळी असते. तिच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ मुलामा असतो. आतल्या बाजूला बाहेरची ताजी हवा, बाहेरच्या बाजूला धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की हे सिरॅमिक ऑक्सिजनच्या आयनांना आपल्यातून जाऊ देतं, आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या तफावतीनुसार विजेचा दाब तयार होतो. या हिशेबाचं समीकरण वाल्टर नर्न्स्टने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलं होतं. धुरात ऑक्सिजन जवळपास नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर सेन्सर ०.८-०.९ व्होल्ट दाखवतो. याला मेकॅनिक ‘रिच’ म्हणतात. ऑक्सिजन उरला असेल तर व्होल्टेज ०.१-०.२ वर येतं, ते ‘लीन’. गाडी तापून नीट चालत असताना व्होल्टमीटरचा काटा या दोन टोकांमध्ये सारखा खालीवर होत राहतो. इंजिनाचा कॉम्प्युटर लीन पाहून थोडं पेट्रोल वाढवतो, रिच पाहून कमी करतो, पुन्हा वाढवतो. सेन्सर ठीक असल्याची खूण म्हणजे हे हेलकावेच. काटा एका जागी थांबला की समजावं, काहीतरी बिनसलं.

यातली खोच अशी की सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरचा प्लग मेला आणि पेट्रोल न जळता तसंच धुरात गेलं, तर सोबत न जळलेली हवाही जाते. सेन्सरला दिसतो तो ऑक्सिजन. तो म्हणतो ‘लीन’, आणि कॉम्प्युटर आधीच वाया जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आणखी पेट्रोल ओततो. म्हणून सेन्सर कुठे बसवायचा हे ठरवताना पहिला प्रश्न एकच: त्याच्या टोकापर्यंत कुणाकुणाचा धूर पोहोचतोय, आणि वाटेत त्यात बाहेरची हवा मिसळतेय का?

जुन्या सी-१५०० मध्ये सेन्सर डाव्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे वायच्या आधी. त्याला मुळातच चार सिलिंडरांचा धूर कळतो, उरलेल्या चारांचा कधीच नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. ती चालून जाते, कारण १९८७ ते १९९५ या काळातल्या या इंजिनांत पेट्रोल सिलिंडरगणिक सोडलं जात नाही. कार्बोरेटरच्या जागी बसवलेल्या थ्रॉटल बॉडीवर दोन इंजेक्टर असतात, ते मध्येच पेट्रोल फवारतात आणि तिथून ते आठही सिलिंडरांत वाटलं जातं. डाव्याला वेगळं आणि उजव्याला वेगळं द्यायची सोय कॉम्प्युटरकडे नाहीच. मग अर्ध्या इंजिनाची साक्ष पुरते. वाय कापून दोन नळ्या केल्या तरी मूळ मॅनिफोल्ड तसेच ठेवले असतील तर सेन्सरच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

काही जणांना हे पटत नाही. दोन नळ्या झाल्या, तर सेन्सरही दोन हवेत असं वाटून ते उजव्या पाइपातही एक बसवतात आणि दोघांच्या वायरी जोडून कॉम्प्युटरच्या एका पिनवर आणतात. हा उद्योग करू नये. एक ०.८ म्हणतोय आणि दुसरा ०.२, तर कॉम्प्युटरला मिळतं ते दोघांच्या मधलं काहीतरी, जे एकाही बाजूचं खरं नसतं. त्यापेक्षा उजव्या पाइपात सेन्सरच्या मापाच्या आट्यांचा एक बुश वेल्ड करून तो प्लगने बंद करून ठेवावा. कधी शंका आली तर सेन्सर काढून तिथे लावायचा आणि त्या बाजूचा हाल पाहायचा. माप जवळपास सगळीकडे सारखंच असतं: १८ मिलिमीटर, दीड मिलिमीटर पिचचे आटे.

खरी गडबड सुरू होते ती लोखंडी मॅनिफोल्ड काढून लांब नळ्यांचे हेडर बसवल्यावर. आवाजाच्या हौसेचं हे पुढचं पाऊल. प्रत्येक सिलिंडरची वेगळी लांब नळी निघते आणि चारही नळ्या खाली पुष्कळ अंतरावर एका कलेक्टरमध्ये मिळतात. सेन्सरला चारही सिलिंडरांचा धूर हवा असेल तर तो कलेक्टरमध्येच बसवावा लागतो. वरच्या एखाद्या नळीत बसवला तर एकाच सिलिंडरची साक्ष मिळते. पण कलेक्टर इंजिनापासून लांब, आणि पातळ पत्र्याच्या नळ्यांतून येईपर्यंत धूर निवतो. त्या काळचा एका वायरीचा सेन्सर धुराच्याच उष्णतेवर तापतो, त्याच्यात हीटर नाही. हायवेवर तो ठीक चालतो. सिग्नलला गाडी दोन मिनिटं उभी राहिली की निवतो आणि गप्प होतो. जनरल मोटर्सचा कॉम्प्युटर सेन्सरच्या तारेवर स्वतःहून ०.४५ व्होल्ट ठेवतो. सेन्सर थंड असला की तेवढंच दिसत राहतं, ना रिच ना लीन. मग कॉम्प्युटर त्याचं ऐकणं सोडून देतो आणि स्वतःच्या ठोकताळ्यावर पेट्रोल सोडतो. मालकाची तक्रार येते की रस्त्यावर पळते छान, सिग्नलला पेट्रोलचा वास मारते.

या गाड्यांत बिघाड विचारायची पद्धत गमतीची आहे. डॅशबोर्डच्या खाली बारा पिनांचं एक कनेक्टर असतं. त्यातल्या ए आणि बी या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि इंजिन चालू न करता किल्ली फिरवायची. ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकू लागतो. एक लुकलुक, थोडा दम, मग दोन: हा १२. असा तो तीनदा येतो आणि मग साठवलेले कोड. १३ म्हणजे सेन्सरकडून काहीच बातमी नाही. ४४ म्हणजे सतत लीन, ४५ म्हणजे सतत रिच. हेडर बसवल्यावर १३ दिसला, तर सेन्सर मेलेला असेलच असं नाही, बऱ्याचदा तो नुसता गारठलेला असतो. स्कॅनर असेल तर पेट्रोलच्या दुरुस्तीचा एक आकडा दिसतो. तो १२८ असेल तर कॉम्प्युटरचा मूळ हिशेब बरोबर. त्याच्या वर गेला तर पेट्रोल वाढवतोय, खाली गेला तर तोडतोय.

उपाय हीटरवाल्या सेन्सरचा. बॉशच्या तीन वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या असतात आणि काळी सिग्नलची. काळी जुन्या वायरीला जोडायची. पांढऱ्यांपैकी कुठलीही एक चॅसिसला, दुसरी किल्ली फिरवल्यावरच वीज मिळेल अशा जागेला, मध्ये फ्यूज घालून. थेट बॅटरीला जोडली तर हीटर रात्रभर चालू राहील आणि सकाळी स्टार्टर फिरणार नाही. वायरी जोडताना सोल्डरिंग करू नये, दाबून बसवायचे चांगल्या दर्जाचे जोड वापरावेत. कारण सेन्सरच्या आत लागणारी ताजी हवा बऱ्याच डिझाइनांत याच वायरीच्या तारांमधल्या फटीतून आत जाते, आणि सोल्डर ती वाट बुजवतं. एका वायरीच्या सेन्सरची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याची अर्थिंग आट्यांतून पाइपाला आणि पाइपातून इंजिनाला होते. नव्या पाइपाच्या फ्लँजमध्ये गंज किंवा जाड गास्केट आलं, तर सेन्सर ठणठणीत असूनही आकडा चुकीचा येतो.

आता बाहेरच्या हवेचं. धूर पाइपातून नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो एकेका सिलिंडरच्या धक्क्यांनी येतो, आणि प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. व्ही-८ मध्ये हे धक्के एकाच बाजूला समान अंतराने येत नाहीत. शेवरलेच्या या इंजिनाचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे. आठ सिलिंडर मिळून क्रँक दर ९० अंश फिरला की एक ठिणगी पडते, पण नुसत्या डाव्या बाजूचे धक्के मोजले तर अंतर येतं २७०, १८०, ९० आणि १८० अंश. पाच आणि सात तर एकामागोमाग, एकाच बाजूला. वाय होती तोवर दोन्ही बाजूंचे धक्के मिसळून हे लपत होतं. दोन नळ्या वेगळ्या केल्या की तो लंगडा ताल उघडा पडतो. अमेरिकन व्ही-८ चा जो गुरगुरणारा आवाज ऐकायला लोक इतका खर्च करतात, तो हाच.

या धक्क्यांमधल्या खळग्यात सेन्सरच्या आधी कुठे बारीकशी जरी फट असली, तर पाइप बाहेरची हवा आत ओढतो. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि गाडी प्रत्यक्षात रिच असताना दिव्यावर ४४ येतो, लीन म्हणून. नवं वेल्डिंग, नवे फ्लँज, नवे गास्केट असलेल्या गाडीत कोड ४४ आला तर सेन्सर बदलायची घाई करू नये. थंड गाडीच्या मागच्या नळीतून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडावं. जिथे बुडबुडे येतील, तिथे फट.

दोन नळ्यांमध्ये आडवी जोडनळी घालतात, इंग्रजी एचच्या किंवा एक्सच्या आकाराची. दोन्ही बाजूंच्या दाबाचा समतोल साधतो आणि आवाजातला लंगडेपणा थोडा मवाळ होतो. सेन्सर मात्र या जोडाच्या आधी, इंजिनाच्या बाजूला हवा. जोडाच्या पुढे लावला तर दोन्ही बाजूंचा धूर त्यात कमीजास्त मिसळतो आणि किती मिसळेल हे इंजिनाच्या वेगावर अवलंबून राहतं. खुद्द आडव्या नळीत तर कधीच लावू नये. तिथला धूर पुढे जातच नाही, नुसता इकडून तिकडे हेलपाटे घालतो.

बुश वेल्ड करताना टोक खालच्या दिशेला येईल असा, पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात बसवावा. घड्याळाच्या दहा ते दोनच्या मधली कुठलीही जागा चालते, आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पाइपात पाणी जमतं. सेन्सर तळाला असेल तर ते पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि ते तडकतं. वेल्डिंगच्या वेळी सेन्सर काढून ठेवावा, बुशमध्ये जुना निकामी सेन्सर घालून ठेवावा म्हणजे आटे वाकत नाहीत. आणि गास्केटच्या जागी साधं सिलिकॉन सीलंट फासायची सवय असेल तर ती इथे सोडावी. सिलिकॉनच्या वाफा सेन्सरच्या टोकावर पांढरट थर चढवतात आणि तो कायमचा मंद होतो.

१९९६ पासून सगळं अवघड झालं. त्या वर्षापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये ओबीडी-२ ही बिघाड स्वतःच ओळखून नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. व्ही-८ पिकअपमध्ये सेन्सर एकाचे तीन किंवा चार झाले. कन्व्हर्टरच्या आधीचे सेन्सर मिश्रण सांभाळतात, तर नंतरचे कन्व्हर्टरवर पाळत ठेवतात. कन्व्हर्टरमधलं सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, त्यामुळे तो धडधाकट असताना मागच्या सेन्सरचा काटा संथ असतो. पुढच्यासारखाच हेलकावू लागला, की कॉम्प्युटर पी ०४२० किंवा पी ०४३० लिहितो: या बाजूचा कन्व्हर्टर संपला. वाय कापून एकाच कन्व्हर्टरची जागा मोकळी केली, तर मागच्या सेन्सरांना जायला जागाच उरत नाही. मग बाजारात मिळणारे लांब नट लावून सेन्सर धुरापासून बाहेर ओढून कॉम्प्युटरला फसवायचे प्रकार सुरू होतात. दिवा विझतो, धूर तसाच राहतो.

या गाड्यांत पेट्रोल सिलिंडरगणिक सोडलं जातं आणि कॉम्प्युटर दोन्ही बाजू वेगवेगळ्या सांभाळतो. त्यामुळे कुठला सेन्सर कुठल्या बाजूचा हे चुकून चालत नाही. ज्या बाजूला पहिला सिलिंडर, ती बँक १. शेवरलेत ती चालकाच्या बाजूला, डावीकडे. फोर्डच्या व्ही-८ मध्ये पहिला सिलिंडर उजवीकडे, म्हणून बँक १ ही उजवीकडे. हेडर बसवताना वायरी लांबवल्या, दोन्ही प्लग दिसायला सारखेच, आणि ते उलट जोडले गेले की काय होतं पाहा. डावी बाजू किंचित रिच आहे. तिची बातमी उजव्याच्या नावाने जाते. कॉम्प्युटर उजव्याचं पेट्रोल तोडतो. उजवी लीन होते, तिची बातमी डाव्याच्या नावाने जाते. कॉम्प्युटर डाव्याला आणखी पेट्रोल देतो. डावी आणखी रिच. दोन्ही आकडे उलट्या दिशांना पळत सुटतात आणि मर्यादेला जाऊन अडकतात. स्कॅनरवर एका बाजूला लीन आणि दुसऱ्या बाजूला रिच असे कोड एकदम दिसले, आणि नुकतंच एक्झॉस्टचं काम झालं असेल, तर आधी प्लग तपासावेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणं किंवा निकामी करणं ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’खाली गुन्हा आहे, १९९० च्या दुरुस्तीनंतर ही बंदी दुकानांपुरती न राहता गाडीच्या मालकालाही लागू झाली. १९९५ पासूनच्या गाड्यांच्या कन्व्हर्टरला आणि कॉम्प्युटरला ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची हमी असते, तिच्यावरही पाणी सोडावं लागतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाविरुद्ध फेरफार करायला मनाई करतं. पुण्या-नागपुरात पोलिसांनी बुलेटचे बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याच्या बातम्या वाचकांनी पाहिल्या असतीलच. त्या गाड्या दोन चाकांच्या, पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मोटारसायकलींच्या बेंड पाइपातही हाच सेन्सर असतो. बाजारातली चकचकीत नळी लावताना त्याला जागा ठेवली नाही, की ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ ही तक्रार तिथूनच येते.

तेव्हा दोन नळ्यांची हौस भागवायचीच असेल, तर १९९६ नंतरच्या गाडीत कटर शेवटच्या सेन्सरच्या आणि कन्व्हर्टरच्या मागे चालवावा, तिथून नळी दोन फाट्यांत न्यावी. मागून पाहणाऱ्याला दोन नळ्या दिसतात, आवाज बदलतो, आणि एकाही सेन्सरला हात लागत नाही. जुन्या सी-१५०० सारख्या गाडीत मूळ मॅनिफोल्ड ठेवून सेन्सर डावीकडे आहे तसाच राहू द्यावा. तिथे वाय कापणार असाल, तर दोन्ही पाइपांत एकेक कन्व्हर्टर घालण्याचा खर्च आधीच धरावा. आणि हेडर लावायचेच असतील, तर हीटरवाला सेन्सर त्याच दिवशी विकत घ्यावा.